पन्हाळ्याची पहाट गाड्यांना कशाला?

पन्हाळ्यावर मुक्कामाला येणाऱ्यांच्या बॅगेत हल्ली पळायचे बूट असतात. सकाळी पळायला कुठं जायचं, असं विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात. कुणी तबक उद्यानाकडे बोट दाखवतं, कुणी तीन दरवाज्याकडचा रस्ता सांगतं, आणि अंगात खुमखुमी असलेला एखादा थेट गडाजवळचं मसाई पठार सुचवतो. वर्तमानपत्रांतून आणि निवेदनांतून अधूनमधून आणखी एक उत्तर पुढे येतं: गडावर एक चांगला जॉगिंग ट्रॅक करा. पळायला जागा कमी पडते, हे या सगळ्या उत्तरांनी गृहीत धरलेलं आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्यावर आहे. गडमाथ्यावरचे डांबरी रस्ते पळायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या सर्वांत चांगल्या रस्त्यांपैकी आहेत. सुट्टीच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत गाड्या वर येतात, म्हणून ते पळणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. तेव्हा नवं काही बांधण्यापेक्षा पहाटे साडेपाच ते साडेआठ हे तीन तास पर्यटकांच्या गाड्या प्रवासी कर नाक्यावर थांबवाव्यात आणि वरचे रस्ते पायी चालणाऱ्या-पळणाऱ्यांना द्यावेत, असं मला वाटतं.

हे रस्ते पळायला चांगले का, ते आधी पाहू. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला हा गड आकारानं मोठा आहे. त्याच्या तटबंदीचा घेरच सात किलोमीटरांहून अधिक भरतो. इतर गडांसारखा तो ओसाडही पडलेला नाही. वर नगरपरिषद आहे, तालुक्याचं ठाणं आहे, शाळा आहेत, आणि २०११ च्या जनगणनेनुसार तीन हजारांच्या आसपास वस्ती आहे. त्यामुळे नाक्यापासून बाजीप्रभूंचा पुतळा, बाजार, अंबरखाना, पूर्वेला सज्जा कोठी, पश्चिमेला अंधारबाव नि तीन दरवाजा, तिथून पुसाटी बुरूज असं सगळं रस्त्यांनी जोडलेलं आहे. फाटे धरून फिरलं तर त्याच वाटेवर परत न येता पाच-सहा किलोमीटर सहज होतात. चढउतार आहेत, पण दम तोडणारे नाहीत. बऱ्याच ठिकाणी दुतर्फा जुनी झाडं आहेत, म्हणजे ऊन वर आलं तरी डोक्यावर सावली राहते. कोल्हापुरात रंकाळ्याची एक फेरी साडेचार किलोमीटरांच्या आसपास होते आणि शहराचा निम्मा व्यायाम त्या फेरीवर चालतो. पण तिथं पदपथावर गर्दी, चौपाटीच्या बाजूला वाहनं, आणि पायाखाली बराचसा भाग फरशीचा. शिवाजी विद्यापीठाचा परिसर प्रशस्त आणि हिरवा आहे, मात्र तो विद्यापीठाचा आहे. तिथं कधी आणि कुठवर फिरू द्यायचं ते विद्यापीठ ठरवणार, आणि ते रास्तच आहे.

पन्हाळ्याच्या बाजूनं बोलताना एक भाकड दावा मात्र बाजूला ठेवायला हवा. थंड हवेच्या ठिकाणी हवा विरळ असते, तिथं पळलं की दमसास वाढतो, असं सर्रास सांगितलं जातं. पन्हाळ्याला हे लागू होत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, पन्हाळा साडेनऊशेच्या थोडा वर. चारशे मीटरच्या फरकानं हवेतला प्राणवायूचा दाब चार-पाच टक्क्यांनी उतरतो. तेवढ्यानं शरीर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवायला लागत नाही. तो परिणाम साधारण दोन हजार मीटरच्या वर, आणि तिथं काही आठवडे राहिल्यावर दिसतो. म्हणून लांब पल्ल्याच्या भारतीय धावपटूंची शिबिरं सव्वादोन हजार मीटरवरच्या उटीला भरतात आणि केनियाचे धावपटू चोवीसशे मीटरवरच्या इटेनला सराव करतात. पन्हाळ्याच्या पदरात पडतं ते साधं आहे: कोल्हापुरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान, धूर-धूळ कमी, आणि पायांना बरा असा चढउतार. एप्रिल-मेमध्ये खाली सकाळी सातलाच अंगाची काहिली होते, तेव्हा हे दोन-तीन अंश फार मोलाचे ठरतात. एवढं पुरेसं आहे. त्याला शास्त्राचा मुलामा देऊन पॅकेज विकायची गरज नाही.

मग वर गाडीनं कशाला जायचं, खालून वाघबीळपासून घाट पळत चढला तर? चढ पळताना गुडघ्यांना त्रास कमी होतो हे खरं, कारण पाऊल कमी उंचीवरून आदळतं. छाती मात्र भरून येते. खरी शिक्षा उतारावर होते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यांचे तंतू दुखावतात, आणि सवय नसलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतो. पण हेही सरावानं जमतं. घाटरस्त्याबद्दलची माझी हरकत वेगळी आहे. तो रस्ता वळणांचा आहे, बऱ्याच ठिकाणी एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी, आणि दोन वाहनं समोरासमोर आली की पायी माणसाला कडेला जागा उरत नाही. २०२१ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत गडावर जाणारा रस्ता खचला आणि वाहतूक बंद पडली, हे विसरण्याइतकं जुनं झालेलं नाही. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात हजारो लोक पळतात, त्याचा दाखला कुणी देईल. २०१२ पासून चालू असलेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन महाराष्ट्रभरातून लोक ओढते, हे खरंच. पण त्या सकाळी घाट पळणाऱ्यांसाठी राखलेला असतो, वाहतूक अडवलेली असते, पाणी आणि रुग्णवाहिका तयार असते. साताऱ्याचा दाखला घ्यायचा तर तो पुरता घ्यावा. तिथं रस्ता तोच राहतो, काही तासांपुरता त्याचा मालक बदलतो, आणि त्यामुळेच तिथं पळता येतं.

मसाई पठाराचं उत्तर मला सर्वांत धोक्याचं वाटतं, आणि ते पळणाऱ्याच्या जिवापेक्षा पठाराच्या जिवाच्या काळजीनं. जांभ्या खडकाचं हे सपाट पठार पावसाळ्यात हातभर मातीवर नव्हे, बोटभर मातीवर फुलतं. एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी धरून संपणाऱ्या वनस्पती तिथं आहेत, आणि बुटाखाली दाबली गेलेली ती पातळ माती पहिल्या सरीत वाहून जाते. हे पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. कास पठारावर गर्दीनं काय केलं आणि त्यानंतर किती कुंपणं, शुल्क आणि नियम लावावे लागले, हे सातारकरांना विचारावं. जुलैमध्ये पन्हाळा-पावनखिंड मोहिमेचे जथे म्हाळुंग्याहून मसाईवरूनच जातात. त्या पावलांचाच भार बराच आहे. त्यात रोजच्या व्यायामाची भर घालू नये. हिवाळ्यात रुळलेल्या पायवाटेनं कुणी चालत गेला तर कुणाची ना नाही.

म्हणजे फिरून गडमाथ्यावरच यावं लागतं, आणि तिथं अडचण गाड्यांची आहे. शनिवार-रविवारी सज्जा कोठीवरून सूर्योदय बघायला येणारी मंडळी, रात्रीच निघून पहाटे पोचलेल्या टेंपो ट्रॅव्हलर, आणि थंडीत काचा वर करून गाणी लावलेली वाहनं एकाच तासात वर दाखल होतात. धुकं असेल तर हेडलाइटचा प्रकाश धुक्यावरच पसरतो आणि चालकाला पंधरा-वीस पावलांपुढचं दिसत नाही. पळणारा माणूस अशा वेळी रस्त्याची कड धरतो. पण कडेला काय असतं? पावसाळ्यानंतर कितीतरी दिवस शेवाळ धरून बसलेले दगड, गटाराची उघडी तोंडं, आणि आदल्या संध्याकाळच्या कणसांची बुरकुंडं. घोटा मुरगळायला यातलं एकही पुरे. गाडी येऊन गेल्यावर डिझेलचा वास झाडीत अडकून राहतो, आणि ज्या हवेसाठी माणूस गड चढून आला ती हवा तासाभरात खालच्यासारखी होते.

यावर जॉगिंग ट्रॅक हा उपाय नाही, आणि तो कायद्यानंही सोपा नाही. पन्हाळ्यावरचे तीन दरवाजा, अंबरखान्यासारखे अवशेष केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यात २०१० साली झालेली दुरुस्ती पाहिली, तर संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यातल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. आता इथं रंगीत रबराची पट्टी, कठडे, दिव्यांचे खांब आणि उद्घाटनाची कोनशिला घेऊन कुणी आलं, तर त्याला दिल्लीच्या फायलीतून वाट काढावी लागेल, आणि ती वाट अडली तर मला तरी वाईट वाटणार नाही. आपल्याकडे कुठल्याही चांगल्या हेतूचा शेवट पेव्हर ब्लॉकमध्ये होतो. वेळ वाटून द्यायला मात्र एक वीटही लागत नाही. नाका आधीच आहे, तिथं माणूस आहे, आडवी दांडी आहे, पावती आहे.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: हे शहरातल्या पैसेवाल्यांचे चोचले आहेत, महागडे बूट घालून घाम गाळायला येणाऱ्यांसाठी गावाचा रस्ता का बंद करायचा? हा आक्षेप घेणाऱ्यानं पहाटे जिल्ह्यातला कुठलाही रस्ता बघावा. त्यावर सर्वांत जास्त पळणारी मुलं-मुली भरतीची तयारी करत असतात. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, सैन्य भरतीच्या मेळाव्यात एक पूर्णांक सहा किलोमीटर. काही सेकंदांच्या फरकानं नोकरी लागते किंवा हुकते. गावोगावची ही पोरं मैदान नसल्यानं राज्यमार्गाच्या पांढऱ्या पट्टीवर, अंधारात, मोबाइलचा टॉर्च घेऊन पळतात, आणि त्यांना वाहनानं उडवल्याच्या बातम्या महाराष्ट्रात नव्या नाहीत. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांतल्या मुलांना गडावरचा सुरक्षित, चढउताराचा रस्ता मिळाला तर त्याला चोचले कसं म्हणायचं? लांब पल्ल्याचं धावणं या मुलखात उच्चभ्रूंकडून आलेलंच नाही. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळून एकोणिसावे आलेले फडेप्पा चौगुले बेळगावचे. २०१६ साली रिओमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची, म्हणजे पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या भागातली.

डोंगर पायी चढण्याची गोष्टही कोल्हापूरला कुणी बाहेरून शिकवलेली नाही. माघात रविवारी जोतिबाचे खेटे सुरू झाले की शहरातून हजारो माणसं भल्या पहाटे, बहुतेक अनवाणी, कुशिरेमार्गे वाडी रत्नागिरीचा डोंगर चढतात. त्यात म्हाताऱ्या बायका असतात, कडेवर पोर घेतलेले बाप असतात. त्या पहाटे गाडीवाला आपसूक वेग कमी करतो, कारण रस्ता कुणाचा आहे हे त्याला दिसत असतं. त्याला कुणी सूचनाफलक लावून सांगितलेलं नसतं. संख्येनं आणि नेमानं रस्ता मिळतो, हे खेट्यांनी दाखवलेलं आहे. चार-दोन विस्कळीत पळणाऱ्यांना तो मिळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेळ ठरवून द्यावी लागते.

दुसरा आक्षेप गडावरच्या लोकांचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. जागतिक वारशाची चर्चा सुरू झाली तेव्हापासून आपल्यावर काय काय निर्बंध येणार, ही धास्ती गडावर राहणाऱ्यांच्या मनात आहे. त्यात आणखी एक बंदी कशाला? म्हणूनच ही मर्यादा फक्त बाहेरून येणाऱ्या खासगी वाहनांपुरती असावी. रहिवाशांची वाहनं, एसटी, दुधाची नि भाजीची गाडी, शाळेची बस, दवाखान्याची गाडी यांना मोकळीक हवीच. त्यांची संख्या मोजकी असते आणि त्या चालकांना प्रत्येक वळण पाठ असतं. धंद्याचं काय? झुणका-भाकर, कणीस, चहा हा गडावरच्या कितीतरी घरांचा आधार आहे. पण या धंद्याला रंग चढतो तो दहानंतर. सकाळी साडेसहाला गाडीतून उतरणारा माणूस सूर्योदयाचे फोटो काढतो आणि बहुधा पुढच्या ठिकाणी निघून जातो. उलट वरचे रस्ते पहाटे मोकळे असतात हे ठाऊक झालं, तर पळणाऱ्याला आदल्या रात्री मुक्कामालाच यावं लागेल, आणि साडेआठला भुकेलेला माणूस भाकरी मोजून खात नाही. सूर्योदयवाल्यांचं थोडं नुकसान होईल, हे मान्य करायला हवं. त्यांना नाक्यावर गाडी लावून सज्जा कोठीपर्यंत चालत जावं लागेल. ज्यांना चालवत नाही अशा वृद्धांसाठी नगरपरिषदेनं एखादं छोटं वाहन ठेवावं. बाकीच्यांनी चालावं, गड बघायलाच तर आलेत.

तिसरा आक्षेप सिंहगडाचा. मे २०२२ मध्ये तिथं खासगी वाहनं बंद करून पुण्याच्या पीएमपी बससेवेच्या ई-बस सुरू केल्या, आणि काही दिवसांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. मग पन्हाळ्यावर काय वेगळं होणार? सिंहगडावर दिवसभराच्या सगळ्या पर्यटकांना वर न्यायची जबाबदारी त्या बसगाड्यांवर होती. गर्दी आणि चार्जिंग यांचं गणित जमलं नाही. इथं कुणाला वर नेण्याची हमी द्यायचीच नाही. तीन तास थांबा, किंवा चालत या, एवढंच सांगायचं आहे. अशा मोजक्या वेळेच्या व्यवस्था टिकलेल्या आहेत. बंगळूरच्या कब्बन पार्कमधले रस्ते रविवारी वाहनांना बंद असतात आणि म्हणून शहराचा कारभार अडलेला नाही. मुंबईत मार्च २०२२ पासून काही रस्ते रविवारी सकाळी लोकांना खेळायला-पळायला मोकळे केले गेले. आणि माथेरान तर कायमचंच उदाहरण: दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही, तरी माथेरानची हॉटेलं ओस पडलेली नाहीत. पन्हाळ्याला माथेरान करा, असं मी म्हणत नाही; तालुक्याचं ठाणं असलेल्या गावाला ते परवडणार नाही. माथेरान चोवीस तास जे निभावतं, त्यातले तीन तास पन्हाळ्यानं निभवावेत.

गडाच्या पावित्र्याचा मुद्दा काही जण काढतील. अर्धी चड्डी घालून तीन दरवाज्यातून पळणं शोभतं का, वगैरे. पावित्र्य बिघडतं ते बुरजावर नावं कोरल्यानं, तटाखाली बाटल्या टाकल्यानं आणि गाडीच्या डिकीत स्पीकर लावल्यानं, आणि ही तिन्ही कामं पळणारा माणूस सहसा करत नाही. तरी एक पथ्य पाळायला हवं. बाजीप्रभूंच्या नावानं टी-शर्ट, सिद्दी जौहरच्या वेढ्याच्या नावानं पदकं, असला आचरटपणा इथं नको. १६६० च्या जुलैमधल्या त्या रात्री माणसं मरणाच्या वाटेनं गेली होती. ती कुणाच्या रविवारच्या व्यायामाची जाहिरात नव्हे. म्हणून माझा आग्रह रोजच्या, बिनआवाजी पळण्याचा आहे. मोठ्या मॅरेथॉनचे मांडव, डीजे, प्लॅस्टिकचे पेले आणि दहा हजार पावलं एकाच सकाळी गडावर नकोत. त्या स्पर्धा खालच्या रस्त्यांवर खुशाल होऊ द्याव्यात.

सुरुवात करायला फार मोठी शासकीय उठाठेव लागत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ११५ सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर किंवा भागात वाहनांना मर्यादा घालण्याचा अधिकार देतं, आणि अशी मर्यादा एक महिन्यापेक्षा जास्त काळाची नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढण्याचीही गरज नाही. स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी दिली की भागतं. नगरपरिषदेनं ठराव करावा, जिल्हा प्रशासनानं जानेवारीचा महिना निवडावा. धुकं विरळ असतं, पावसाची भीती नसते, शाळा चालू असतात, आणि मुक्कामाची गर्दीही बऱ्यापैकी असते. नाक्यावर कराच्या पावत्यांवर वेळ नोंदवली, तर साडेआठच्या आत किती गाड्या येत होत्या, त्यातल्या किती थांबल्या, किती परत गेल्या आणि किती माणसं चालत वर आली, हे महिन्याच्या शेवटी कागदावर दिसेल. धंद्यावर परिणाम झाला का, हे टपरीवाल्यांना विचारून लिहून घ्यावं, लॉजवाल्यांच्या नोंदवह्या पाहाव्यात, आणि मग फेब्रुवारीत तो कागद नगरपरिषदेच्या सभेपुढे ठेवावा. लोकांची ना असेल तर दांडी पुन्हा वर करायला एक दिवसही लागणार नाही.